मधल्या सुट्टीतली शिवी येते कुठून?

खिचडीची ताटं विसळून झाली की जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेच्या मैदानावर दोन तऱ्हेची गाणी ऐकू येतात. एक बाईंनी शिकवलेली. हातवारे करून म्हणायची, आणि केंद्रप्रमुख आले की जरा जास्तच जोरात म्हणायची. दुसरी कुणीच न शिकवलेली. ती टाळीवर, दोरीवरच्या उड्यांवर, लंगडीच्या तालावर चालतात आणि बाई जवळ आल्या की एकदम बारीक होतात. आवाज बारीक होतो, म्हणजे यात काहीतरी 'तसलं' आहे हे लेकरांना पक्कं ठाऊक असतं.

मग कधीतरी यातली एखादी ओळ घरी पोचते, जेवताना सगळ्यांसमोर म्हटली जाते आणि बापाचा घास हातातच राहतो. "आमच्यात असलं कुणी बोलत नाही, शाळेतूनच शिकून आलंय." शाळेत विचारावं तर गुरुजी म्हणतात, "आम्ही कामून शिकवू? घरूनच आणतात." दोघांचंही अर्धं खरं असतं.

घोळ होतो तो लेकरांची सगळी गाणी एका पोत्यात भरल्यामुळं. 'अडगुलं मडगुलं, सोन्याचं कडगुलं' हे आजी म्हणते आणि लेकरू ऐकतं. मोठ्यांनी लहानांना दिलेलं ते गाणं, म्हणून ते मोठ्यांच्या पसंतीचंच असतं. मैदानातलं गाणं लेकरानं लेकराला दिलेलं असतं, आणि तेही मोठ्यांच्या नजरेआड. हा फरक सगळ्यांत नीट मांडला तो इंग्लंडच्या आयोना आणि पीटर ओपी या नवरा-बायकोनं. सत्तर शाळांमधल्या जवळपास ५,००० मुलांकडून त्यांनी गाणी, चिडवण्या, शपथा, कोडी गोळा केली आणि १९५९ साली पुस्तकात छापली. त्यांच्या लक्षात आलेली एक गोष्ट आपल्याकडंही जशीच्या तशी लागू पडते. शाळेतली पिढी जेमतेम सहा वर्षांची असते. चौथीतली पोरगी पहिलीतलीला शिकवते, ती मोठी झाली की पुढच्या पहिलीतलीला. माणसं भराभर बदलतात, पण 'अटक मटक चवळी चटक' जागचं हलत नाही, कारण परंपरेच्या बाबतीत लेकरांइतकं कर्मठ कुणी नसतं. ओळ थोडी चुकली की "असं नसतंय!" म्हणून डाव थांबवतात.

इतकी कर्मठ पोरं मग शिवी आत घेतात कशी? त्यासाठी टाळ्या मोजाव्या लागतील.

होळी रे – होळी – पुरणाची – पोळी. चार टाळ्या. साहेबाच्या – पोटात – बंदुकीची – गोळी. पुन्हा चारच. अटक – मटक – चवळी – चटक, इथंही चार. रॉबिन्स बर्लिंग या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञानं १९६६ साली वेगवेगळ्या भाषांतली बालगीतं शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा इंग्रजी आणि चिनी अशा एकमेकींशी काडीचं नातं नसलेल्या भाषांतही त्यांना हीच चार ठोक्यांची ओळ सापडली. लेकरू आधी ठोका उचलतं, मग आवाज, आणि अर्थ सगळ्यांत शेवटी. कधी कधी अर्थ येतच नाही. लातूर-धाराशिवकडं येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात 'ओलगे ओलगे सालम पोलगे' असा पुकारा होतो, गावागणिक उच्चार थोडा इकडंतिकडं. त्याचा अर्थ विचारा, लेकरंच काय, बरेच मोठेही एकमेकांच्या तोंडाकडं बघतील. म्हणून कुणी ओरडायचं थांबत नाही.

आता होळीच्या ओळीकडं परत बघा. 'पोटात' ही भिंतीतली सैल वीट आहे. गुरुजींसमोर गोळी साहेबाच्या पोटात लागते, शाळेमागच्या लिंबाखाली तीच गोळी कंबरेच्या खाली आणि पाठीमागच्या बाजूला लागते. ठोका तोच, टाळ्या तेवढ्याच, आणि हसू मात्र दसपट. पहिल्या टाळीवरचा 'साहेब'सुद्धा सैलच. हा साहेब मुळात गोरा असावा, असं आपण धरून चालतो. मराठवाडा तर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, इथल्या खेड्यात गोऱ्या साहेबाशी कुणाचा रोजचा संबंध यायचं कारण नव्हतं. पण लेकरांना त्याचं काय! गावात ज्याच्यावर राग तो साहेब. वीज तोडायला आलेला, बाकाखाली मोबाईल पकडणारा, नाही तर नुसताच खडूस असलेला मामा. नाव बदलतं, ओळ टिकते. शिवीला गाण्यात शिरायला एवढी एक फट पुरते.

आणि ती फट कुणी दाखवली? शिमग्याला पालथ्या हातानं तोंडावर बोंब मारायची, एरवी जे बोलायचं नाही ते त्या रात्री बोलायचं, ही सूट मोठ्यांनीच स्वतःला दिलेली आहे. वाईट शब्दालाही एक परवानगीची तारीख असते, हा धडा लेकरू होळीभोवतीच शिकतं. पुढं ती तारीख ते वर्षभर लांबवतं, एवढंच.

शब्दांचा पुरवठा तर बाराही महिने चालू असतो. आमच्याकडं आजी नातवाला "मुडद्या, जेव की" म्हणते ते मायेनं. "रांडंच्या" हा शब्दही कित्येक घरांत कौतुकानं वापरला जातो. आपण आपल्याच लेकीसुनेला काय म्हणतोय, हे म्हणणाऱ्या म्हातारीच्या मनातही नसतं. तोच शब्द त्याच नातवानं मैदानात तालावर म्हटला की मात्र 'संस्कार' आठवतात.

बीड, जालना, परभणीच्या भागात आणखी एक मोठी वाट आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. काही लेकरं हंगामी वसतिगृहात नाही तर आजीजवळ राहतात, पण बरीचशी आईबापांसोबत कारखान्याच्या तळावर जातात. तिथं कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, एकमेकींना खेटून असतात. भांडण असो, दारू असो, नवरा-बायकोतलं असो, पाचटाच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं. ट्रॅक्टरवर मोठे स्पीकर लावलेले, त्यावर रात्रीसुद्धा गाणी चालू. पाच-सहा महिन्यांनी ही लेकरं गावच्या शाळेत परत येतात ती अर्ध्या महाराष्ट्राच्या ओळी घेऊन. वर्गात ती मागं पडलेली असतात, पण मैदानात त्यांचा भाव वधारलेला असतो. नवीन गाणं आणलेलं असतं ना! एखाद्या गावात अचानक कानडी हेल असलेली चिडवणी कशी सुरू झाली, याचं उत्तर बऱ्याचदा तळावर सापडतं. 'त्या पोरांमुळं बाकीची बिघडली' असं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारावं, की आठ वर्षांच्या लेकराला झोपायला पाचटाची खोप कुणी दिली?

निवडणूक ही तिसरी वाट, आणि माझ्या मते सगळ्यांत मजेशीर. 'ताई माई अक्का, विचार करा पक्का' यानंतर उमेदवाराचं किंवा चिन्हाचं नाव आणि 'मारा शिक्का'. ही ओळ महाराष्ट्रातल्या कुठल्याही लेकराला येते. २००४ च्या लोकसभा निवडणुकीपासून देशभर सगळ्या मतदारसंघांत मतदान यंत्र आलं. शिक्का मारणारी बोटं म्हातारी झाली, आणि आज शाळेत असलेल्या पोरानं मतपत्रिकेवर शिक्का उमटताना पाहिलेला नाही. तरी तो 'शिक्का'च म्हणतो, कारण 'अक्का' आणि 'पक्का'ला बटण जुळत नाही. मोठ्यांनी लेकरांच्या गाण्याची चाल उचलून घोषणा केली, लेकरांनी ती घोषणा परत उचलून खेळ केला, आणि खेळात विरोधी उमेदवाराच्या आडनावाला जे जुळेल ते लावलं. ते सभ्य असेलच असं नाही. प्रचाराच्या रिक्षेमागं धावणाऱ्या पोरांना बिस्किटाचा पुडा देऊन घोषणा द्यायला लावणारे आपणच. ५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक आयोगानं पक्षांना बजावलं की प्रचारात मुलांना कुठल्याही स्वरूपात वापरू नका, आणि त्यात कविता, गाणी, तोंडी शब्द हे वेगळे नोंदवले. ते उगीच नव्हे.

मोठ्यांची भानगड लेकरांच्या गाण्यात किती वेगानं उतरते, याचा एक दाखला ओपींनी दिला आहे. इंग्लंडचा राजा आठवा एडवर्ड आणि घटस्फोटित सिम्प्सनबाई यांचं प्रकरण तिथल्या वर्तमानपत्रांनी दाबून ठेवलं होतं. ते डिसेंबर १९३६ च्या सुरुवातीला फुटलं. नाताळ यायच्या आत, एकमेकांपासून दूर असलेल्या गावांतली पोरं नाताळच्या भजनाच्या चालीवर 'सिम्प्सनबाईनं आमचा राजा पळवला' या अर्थाची ओळ म्हणत होती. टीव्ही घराघरांत नव्हता, मोबाईलचा तर प्रश्नच नाही. तेव्हा आजच्या रील्सना सगळा दोष देण्याआधी जरा दम धरावा. रील्सनी वेग वाढवला, वाट जुनीच आहे.

आता मूळ प्रश्न: घाबरायचं कशाला?

लेकरांच्या गाण्यातले 'घाण' शब्द साधारण दोन तऱ्हांचे असतात. एक अंगाचे. शी, शू, पाद, ढुंगण आणि पुढचं वय वाढेल तसं. पाच-सहा वर्षांच्या लेकराला त्यात फक्त आवाजाची गंमत असते. आठ-नऊच्या पोराला कळतं की हे बोलायचं नसतं, आणि म्हणूनच बोलायची मजा. कुणी रागावलं की ती मजा दुप्पट. या शब्दांना लागण्यासारखं समोर कुणी नसतं. सगळेच हसतात, ज्याला उद्देशून म्हटलं तोही हसतो आणि पुढच्या वेळी दुसऱ्यावर उलटवतो. 'चिडका बिब्बा चिडला' म्हणून कुणाचं आयुष्य नासत नाही.

दुसऱ्या तऱ्हेचे शब्द एका ठरावीक लेकरावरच जाऊन बसतात. काळी, नकटी, लंगड्या, तोतऱ्या, बापाच्या दारूवरून, आईच्या कामावरून आणि जातीवरून. त्यात शिवी म्हणावी असा एकही शब्द नसेल, पण ज्याच्यावर ओळ म्हटली जाते त्याला ती उलटवता येत नाही, कारण समोरच्याकडं तसलं व्यंग नाही किंवा तसली जात नाही. रिंगणात सगळे टाळ्या वाजवतात आणि एकजण वाजवत नाही. बघायचं ते त्या न वाजणाऱ्या हातांकडं. आणि नेमकं इथंच मोठ्यांचं गणित उलटं चालतं. पहिल्या तऱ्हेच्या शब्दाला थोबाडीत मिळते, दुसऱ्या तऱ्हेच्या ओळीवर पाहुण्यांसकट सगळे हसतात. 'चिडवतातच पोरं, मनावर नाही घ्यायचं.'

जातीवरच्या ओळी मी इथं छापत नाही. ज्यांना माहीत आहेत त्यांना त्या विसरता आलेल्या नाहीत, आणि ज्यांना माहीत नाहीत त्यांचं अडलेलं नाही. पण त्या येतात कुठून, हे सांगायला हवं. पोराला जात मैदानात समजत नाही. ती त्याला म्हणींतून समजते, पंगतीतून समजते, आणि कित्येक गावांत पत्त्यातून. वस्तीचं नावच जातीचं, शाळेच्या दाखल्यावर पत्ता तोच, मग हजेरीच्या वेळी 'कुठून येतो रे तू?' याचं उत्तर म्हणजेच चिडवणीची तयार पहिली ओळ. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. कागदावरची पाटी बदलायला वेळ लागत नाही, तोंडातली बदलायला लागतो. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं, एवढ्या एका नावासाठी मराठवाड्यानं १९७८ ची जाळपोळ पाहिली आणि नामविस्ताराला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. नाव ही साधी गोष्ट नाही, हे या मुलखाला तरी वेगळं शिकवायला नको.

मोठ्यांसाठी याला कायदा आहे. अनुसूचित जाती-जमातीतल्या माणसाचा चारचौघांत जातीवरून अपमान केला तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा, आणि अपंग व्यक्तीला लोकांसमोर हेतुपूर्वक अपमानित केलं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात किमान सहा महिने आणि कमाल पाच वर्षांची कैद. सात वर्षांखालच्या लेकराचं कुठलंच कृत्य आपल्या कायद्यात गुन्हा ठरत नाही, आणि मोठ्या मुलांसाठीही बालन्यायाची वाट वेगळी आहे. ते योग्यच. पण ज्या वाक्यासाठी बापाला तुरुंग होऊ शकतो ते पोरानं म्हटलं की 'खेळ' होतो, हेही लक्षात ठेवलेलं बरं. खेळातलं वाक्य त्यानं बापाकडूनच घेतलेलं असण्याची शक्यता दांडगी असते.

पोरींच्या गाण्यांत आणखी एक थर असतो, आणि त्यात एकही वाईट शब्द नसल्यानं तो कुणाला खटकत नाही. भुलाबाई म्हणा, हादगा म्हणा, फेर धरून नऊ-दहा वर्षांच्या पोरी म्हणतात, 'कारल्याची वेल लाव गं सुने, मग जा आपल्या माहेरा.' वेल लावली, कारलं आलं, भाजी झाली, तरी माहेराची परवानगी पुढंच ढकलली जाते. पुढच्या गाण्यात सासर 'द्वाड', ते कोंडून मारतं. हे बायांनी स्वतःच्या दुःखावर रचलेलं गाणं, पोरींच्या तोंडी खेळ म्हणून आलेलं. मला ही गाणी आवडतात, ती बंद करावीत असं मुळीच वाटत नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या ४८ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. तिथं फेरातली पोरगी जे म्हणते ते तिच्यासाठी गोष्टीतलं नाही, पुढच्या काही वर्षांतलं आहे. लेकरांच्या गाण्यातलं सगळ्यांत 'प्रौढ' प्रकरण शिवीत नसून इथं असू शकतं.

गाणी धुऊन काढायचा प्रयत्न जगात पुष्कळदा झाला. १९५२ साली जेफ्री हँडली-टेलर या इंग्रज गृहस्थानं २०० पारंपरिक बालगीतं तपासली आणि त्यातली निम्मी लेकरांच्या कानावर पडायच्या लायकीची नाहीत असा निकाल दिला. खून, गळा दाबणं, उपासमार, सगळ्याची मोजदाद केली. बालगीतांना ढिम्म फरक पडला नाही.

फरक पडतो तो वेगळ्या रीतीनं. आपल्या सेमी-इंग्रजी शाळांतली लेकरं राज्य कुणावर ते ठरवायला 'ईनी मीनी मायनी मो, कॅच अ टायगर बाय द टो' म्हणतात. हा वाघ तिथं मूळचा नाही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात त्या जागी काळ्या माणसांसाठीची अत्यंत घाणेरडी शिवी होती, आणि विसाव्या शतकातही ती बराच काळ मैदानांवर ऐकू येत होती. हळूहळू तिच्या जागी वाघ आला आणि बसला, कारण शिवी दोन अक्षरी ठोक्याची आणि 'टायगर'ही तसाच. चाल मोडली नाही, डाव थांबला नाही, म्हणून लेकरांनी तो पत्करला. लातूर-नांदेडच्या पोराला तर माहीतही नाही की आपण एका झाकलेल्या जखमेवरून बोट फिरवतोय, आणि त्याला ते सांगायची गरजही नाही. ज्यांची जखम आहे ते मात्र विसरत नाहीत. २००१ साली अमेरिकेत एका विमानात सेविकेनं प्रवाशांना लवकर बसवण्यासाठी याच चालीवर 'जागा धरा, निघायचंय' अशी ओळ म्हटली. दोन काळ्या प्रवासी बायकांनी कंपनीला कोर्टात खेचलं. २००४ मध्ये ज्युरीनं निकाल कंपनीच्या बाजूनं दिला. शब्द गेला होता, चाल मात्र दोघींच्या कानात पूर्वीच्या शब्दासकटच वाजली.

याच्या उलटही होतं, मोठी माणसं नसलेला अर्थ उकरून काढतात. 'रिंगा रिंगा रोझेस' हे प्लेगचं गाणं आहे, त्यात मेलेली माणसं पडतात, हे आपल्याकडं दर दोन वर्षांनी कुणीतरी नव्यानं सांगतं. ओपींनी ती कहाणी तपासून बाजूला ठेवली होती. प्लेगचा अर्थ चिकटला तो विसाव्या शतकात, गाणं छापून बरीच वर्षं झाल्यावर. तेव्हा प्रत्येक बडबडीत भूत शोधत बसू नये.

घरी आणि शाळेत करायचं काय, तर अंगाच्या शब्दांना 'हे इथं नाही म्हणायचं' एवढं थंडपणे सांगून विषय सोडून द्यावा. मोठ्यानं हसलात किंवा मारलंत तर ओळ पक्की होते. कुणावर तरी बसणारी ओळ असेल तर मात्र सोडू नये. पण परिपाठात उभं करून 'याला कोण चिडवतं?' असंही विचारू नये, त्यानं ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही ओळ कळते. ज्याला चिडवलं जातं त्याच्याशी एकट्यानं बोलावं, आणि ओळ कुणाच्या घरातून आली ते कळलं तर बोलणं पोराशी न करता बापाशी करावं. ते जास्त अवघड आहे, म्हणून सहसा होत नाही.

बाईंनी लिहून दिलेली सोज्वळ ओळ परिपाठापुरती टिकते, मैदानात तिला कुणी विचारत नाही. त्यापेक्षा प्रत्येक शाळेत दोरीवरच्या उड्यांत पुढारी असलेली एखादी चौथीतली पोरगी असते, तिला गाठावं. ही ओळ अमक्याला लागते, चार टाळ्यांत बसेल असं दुसरं काय म्हणता येईल, एवढंच विचारावं. तिनं केलेली ओळ आपल्याला पाणचट वाटेल. कदाचित तिच्यात गुरुजींचीच टर उडवलेली असेल. चालेल की.